इंदूबाईच्या दारात आलेलं सुतक

दहिवलीच्या इंदूबाई ठोंबरेला रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी दोन बंगल्यांची झाडलोट, दुपारी शिवणवर्ग, दिवेलागणीला शेजारणींच्या ब्लाउजांची हातशिलाई. लेक लग्न होऊन पनवेलला गेली होती. नवरा गजानन, सगळ्यांचा गजा, टँकर घेऊन गुजरातला जायचा तो आठ-आठ दिवस घराकडे फिरकायचा नाही. त्यामुळे घर, अंगण, शेजारपाजार सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. तिला त्याचं काही वाटायचं नाही. बोलायला फटकळ, पण कुणाच्या घरी बाळंतपण निघालं की पहिली हजर.

शिवणवर्ग चालवायचा तो मैत्रबंध सेवा क्लब. तालुक्यातले डॉक्टर, दुकानदार, निवृत्त मास्तर एकत्र येऊन शाळांना वह्या, वाड्यांवर पाण्याच्या टाक्या, म्हाताऱ्यांना चष्मे असं काहीबाही देत असत. क्लबचे सेक्रेटरी विकासराव यांचं कर्जतला औषधांचं दुकान होतं. माणूस भला, पण सदा घाईत.

वर्ग संपला तेव्हा क्लबने खालापूरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला आणि दहा बायकांना शिलाई मशीनी दिल्या. इंदूबाईचं नाव पुकारलं तशी ती लाजत स्टेजवर चढली. उकाड्याने घामाची धार लागली होती, कपाळाची टिकली केव्हाच गळून पडली होती. कुणी हातात गुलाब दिला, कुणी मशीनवर हात ठेवायला लावला, फोटो निघाला. त्या संध्याकाळी गजाचा फोन आला तेव्हा ती हरखून गेली होती. "आता तू आलास ना, तुझ्या लेंग्यापासून सुरवात करते," ती म्हणाली.

दोन दिवस गेले. इंदूबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. दारात टेंपो थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ असा हंबरडा फुटला की तिच्या हातातली भाकरी परातीत गळून पडली.

"माझ्या गजाला कुठं नेलात गं! मला तोंड बी दाखवलं नाय गं!"

कळंबहून तिची सासू सोनुबाई आली होती. दीर पोपट तिला दोन्ही बगलांत धरून आत आणत होता आणि मागून पदर तोंडाला लावलेल्या भावकीतल्या चार बायका येत होत्या. सोनुबाईने उंबऱ्यातच अंग टाकलं आणि छाती पिटायला लागली.

बायका आत आल्या आणि थिजल्या. इंदूबाईच्या कपाळावर लालभडक टिकली, हातात हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत पीठ. त्यातली एक थोरली जाऊ पुटपुटली, "नवरा गेला आनि ही भाकऱ्या थापते?"

"कोनाचा नवरा?" इंदूबाई म्हणाली. तिला खरंच काही उमजत नव्हतं.

पोपटने मान खाली घालून मोबाईल पुढे केला. खालापूरच्या एसटी स्टँडवर लावलेल्या बॅनरचा फोटो होता. कुणीतरी तो गावच्या ग्रुपवर टाकला होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निराधार विधवा भगिनींना शिलाई मशीन वाटप'. खाली दहा गोलांत दहा चेहरे. शेवटच्या गोलात बिनटिकलीची, ओशाळं हसणारी इंदूबाई. नाव, गाव, सगळं बरोबर.

तिचे डोळे त्या अक्षरांवर चिकटून राहिले. मग ती एकदम किंचाळली, "अरं, काय वाट्टेल ते छापलंय! जिता हाय तो! परवा बोलले मी त्याच्याशी!"

"मग लावा फोन, वैनी," पोपट म्हणाला. "सकाळपासनं मी लावतोय. बंद येतोय."

तिने लावला. बंद. परत लावला. बंद. तिने गाडीमालकाला फोन केला. तो म्हणाला, "गाडी काल खाली झाली, निघाला असेल. माझाही फोन लागत नाय त्याला."

सोनुबाईचं रडणं बारीक, कण्हल्यासारखं चालू होतं. पोपट हळूच म्हणाला, "वैनी, राग मानू नका. क्लबवाली मोठी मानसं. पोलिसांकडनं त्यांना आधी कळलं नसंल कशावरून?"

आता यात काही अर्थ होता का? मशीन मिळाली त्या संध्याकाळी गजा तिच्याशी हसून बोलला होता. ही एवढी साधी गोष्ट ठाऊक असूनही इंदूबाईने पुन्हा नंबर लावून पाहिला. छापलेल्या अक्षरांची दहशतच तशी. हमरस्त्यावर उलटलेले टँकर तिने पाहिले होते. तिची नजर स्वतःच्या बांगड्यांकडे गेली आणि तिने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले, जणू कुणी आत्ताच येऊन त्या फोडणार होतं.

तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. कुणी उठलं नाही.

उन्हं कलायच्या सुमाराला तिच्या मोबाईलवर अनोळखी नंबर वाजला. तो उचलायचा धीर तिला होईना. शेवटी थोरल्या जावेने बटण दाबून तिच्या कानाला लावला.

"इंदे, मी गजा! फोन पान्यात पडला गं माझा. ढाब्यावाल्याचा घेऊन लावलाय. काय म्हंतेस?"

इंदूबाईने फोन सासूच्या हातात कोंबला. सोनुबाईला विश्वास कुठला बसायला! ती डोळे मोठे करून ओरडली, "गजाच हायस ना तू? मग सांग, ल्हानपनी तुला चावला त्या कुत्र्याचं नाव काय?"

"वाघ्या. का गं आये? तू दहिवलीला कशी?"

म्हातारीने फोन छातीशी धरला आणि आता जी रडली, तिच्यापुढे मघाचं रडणं काहीच नव्हतं. मग डोळे पुसून तिने गजाला, क्लबला, पोपटच्या मोबाईलला ओळीने शिव्या घातल्या. बायकांनी राहिलेल्या पिठाच्या भाकऱ्या केल्या आणि सगळे जेवले. इंदूबाई मात्र न जेवता जळका तवा घासत बसली.

दुसऱ्या दिवशी सासू-सून विकासरावांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. सोनुबाईने गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "माझा पोरगा कोनी मारला? तुमी?"

सगळं ऐकून विकासरावांचा चेहरा पांढरा पडला. ते काउंटरमागून बाहेर आले. "मुंबईच्या एका गृहस्थांनी आईच्या आठवणीसाठी मशीनी दिल्या होत्या, विधवा बायकांसाठी. वर्गात नऊच निघाल्या. दहावी तुम्हाला दिली, इंदूबाई, कारण तुमचा हात सगळ्यांत चांगला. छापणाऱ्याला मात्र एकच मजकूर गेला. मी वाचलासुद्धा नाही." ते सोनुबाईपुढे वाकले. "आजींच्या पाया पडतो मी. आत्ता जाऊन तुमचा फोटो काढून टाकतो."

ते मोटारसायकलवर पुढे गेले. इंदूबाईला चैन पडेना. सासूला घरी सोडून ती खालापूरची गाडी धरून मागोमाग गेली. ती पोचली तेव्हा विकासराव शिडीवरून उतरत होते. बॅनरवरच्या तिच्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवलेला होता. तिला हायसं वाटलं. पहिल्यांदा तिने पूर्ण श्वास घेतला.

"सुटलीस बाय तू," मागून कुणीतरी म्हणालं.

वर्गातली मैना होती. स्टँडच्या कडेला भाजीची पाटी मांडून बसायची. तिचा फोटो दुसऱ्या गोलात होता, तिच्या पाटीच्या बरोबर वर.

"तुझा जिता निघाला, म्हनून तुझं तोंड झाकलं," मैना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "माझा मेलेलाच हाय, माझं कोन झाकनार? पोरीला बघायला पावनं आलं ते याच स्टँडवर उतरलं. वाचून म्हनाले, निराधाराच्या घरात कसं देनंघेनं करायचं? अगं, दोन पोरं एकटीनं वाढवली मी. निराधार कशी गं?"

इंदूबाईला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आदल्या दिवसाचा धक्का परवडला, असा हा होता. कालपासून ती फक्त आपल्या कपाळाचा विचार करत होती. वरचे नऊ चेहरे तिने एकदाही नीट पाहिले नव्हते. या सगळ्या वर्गात तिच्या शेजारी बसून दोरे ओवणाऱ्या बाया! त्यांनाही स्टेजवर हसायला लावलं होतं, आणि वर काय छापणार ते कुणी विचारलं नव्हतं.

ती विकासरावांकडे वळली. "सर, पुरा उतरवा."

"अहो, देणगीदार रविवारी येणार आहेत बघायला. फोटो नसला तर पुढच्या वर्षी कोण..."

"त्यांना माझ्या घरी आना. माझ्या सासूनं छाती कशी पिटली ते ती सांगंल. मग मैनाच्या घरी न्या."

स्टँडवरची माणसं जमली होती. विकासरावांनी मैनाकडे पाहिलं. पाटीवरच्या भेंड्या ती मुकाट्याने एका ओळीत लावत होती. मग ते पुन्हा शिडीवर चढले आणि त्यांनी चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या आपल्या हाताने कापल्या. बॅनर खाली आला तो मैनाने उचलला, चेहरे आतल्या बाजूला करून घडी घातली आणि पाटीखाली सारला.

क्लबच्या बैठकीत यावरून बरीच वादावादी झाली म्हणतात. दोघे-तिघे सोडून गेले. देणगीदार आले, ते सगळं ऐकून सुन्न झाले. नंतर क्लबने वाटपाच्या जागी फोटो काढणं बंद केलं.

मशीन विधवेच्या नावाची होती, म्हणून इंदूबाईने ती ठेवून घेतली नाही. विकासरावांनी परोपरीने सांगितलं तरी टेंपोत घालून परत पाठवली. ती मशीन कळंबच्या एका विधवा बाईकडे गेली. इंदूबाई आता त्याच वर्गात शिकवते आणि दुपारी वर्ग सुटला की तिथल्याच मशीनवर आपली शिलाई उरकते.

गजा घरी आला तेव्हा गल्लीतली माणसं त्याच्याकडे टकामका बघत होती. तो हसत हसत आत शिरला, "काय गं, मला मारलंस म्हनं!" इंदूबाई हसली नाही. तिने त्याच्या दंडाला धरलं, घट्ट, आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. आईने मग त्याला गुजरातची फेरी करू दिली नाही. हल्ली तो कर्जत-खालापूर पाण्याचा टँकर चालवतो आणि जेवायला घरी येतो.