हात जोडलेले बरे दिसतात

शोरूमच्या मॅनेजरने सोफ्यावर आधी पेपर अंथरला. परवाचा असेल, शिळा. दोन्ही पानं हाताने सरळ केली. मग माझ्या बापाला म्हणाला, "बसा आता."

बाबा बसले. बुडाखाली पेपर चुरचुरला.

त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला एक सर बसले होते. वर्ध्याच्या एका शाळेत शिकवणारे. तेही आमच्यासारखेच बिघडलेल्या गाडीची तक्रार घेऊन आले होते. त्यांच्याखाली पेपर नव्हता. त्यांच्यासाठी कपबशीत चहा आला.

मी विचारलं, "पेपर कशाला?"

मॅनेजर म्हणाला, "पेशंट आहेत ना. डाग-बिग पडते."

बाबांच्या हातावर पट्टी होती. डायलिसिसवरून आम्ही सरळ तिथंच आलो होतो. मी नर्स आहे. ती पट्टी मी स्वतः पाहून, बदलून घेतली होती. पांढरीशुभ्र होती. रक्ताचा ठिपका नव्हता.

सरांनी पेपर पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग मोबाईलमध्ये मान घातली.

काही महिन्यांआधी ह्याच सोफ्यावर आम्ही दोघं बसलो होतो, गाडी घेतली त्या दिवशी. तेव्हा पेपर नव्हता. थंडा आला होता, पेढा आला होता. पुठ्ठ्याची हातभर मोठी चावी आमच्या हातात देऊन फोटो काढला होता. शोरूमचा मालक, त्याला सगळे शेठ म्हणतात, तो स्वतः बाहेर आला होता. "मॅडम, इंजिन अन् गिअरबॉक्स, सहा महिने आमची जिम्मेदारी. बिनधास्त चालवा. आता तुमी आमच्या घरचेच." बाबा तर लाजले होते.

मधल्या काळात काय बदललं, ते सांगते.

आम्ही आंजीचे. मोठ्या आंजीचे. बाबांनी जन्मभर जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहिले. फुफ्फुसात कापूस गेला, पण आधी मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा वर्ध्याला न्यावं लागतं. मी तिथंच एका खाजगी दवाखान्यात नोकरीला, डायलिसिसही तिथंच. जाताना ठीक असतं. येताना माणूस पिळलेल्या फडक्यासारखा असतो. एकदा बसमध्ये त्यांना उलटी झाली. कंडक्टरने सगळ्या गाडीसमोर त्यांना त्यांच्याच दुपट्ट्याने ती पुसायला लावली. मी ड्युटीवर होते, सोबत नव्हते. बाबांनी मला सांगितलंही नाही. शेजारच्या बाईने सांगितलं.

त्या दिवशी मी ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी का होईना. मी चालवायला शिकले. बोरगाव मेघेकडच्या रस्त्यावर ह्या शेठचं जुन्या गाड्यांचं शोरूम होतं. तिथून पांढरी छोटी गाडी आणली. आमच्या बौद्धपुऱ्यातली पहिली चारचाकी. बायांनी चाकावर पाणी घातलं. बाबा समोरच्या सीटवर खिडकी उघडी ठेवून बसायचे, ओळखीचा दिसला की हात वर करायचे.

एप्रिलमध्ये ती बंद पडली. आंजी आणि वर्ध्याच्या मधात. दोन्ही बाजूंना रिकामी वावरं, झाड म्हणून नाही. बोनेटमधून धूर निघाला आणि इंजिनने दम सोडला. बाबांना आदल्या रात्रीपासून धाप होती, अंगात पाणी साचलं होतं. मी रस्त्यावर उभी राहून हात करत होते. गाड्या जात होत्या. शेवटी भाजीचा एक टेम्पो थांबला. बाबांना वांग्याच्या क्रेटवर टेकवून बसवून नेलं. पोहोचलो तोवर आमची मशीन दुसऱ्याला लागली होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी श्वास ओढत वाट पाहिली. मी नर्स, आणि माझ्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात बापाची नाडी धरून बसले होते.

गाडी ओढून गॅरेजला नेली. इंजिन उघडलं. मेस्त्रीने बोट ठेवून दाखवलं. एक तडा होता आणि त्यात एम-सीलसारखा काळा पडलेला लगदा भरलेला होता. "ताई, हे जुनं काम आहे. विकायच्या आधी कोणीतरी थापून देलं."

मी फोटो काढले. निवांत मनाने शोरूमला गेले. मला वाटलं, वॉरंटी आहे, दाखवलं की झालं. किती भोळी होते.

मॅनेजरने कागद काढले. माझं आधार पाहिलं. "आंजीत कुठं राह्यता तुमी?"

"बौद्धपुऱ्यात."

"अच्छा." एवढंच म्हणाला. पण त्या "अच्छा"नंतर मी मॅडमची बाई झाले. "बाई, तुमी पाणी नसन टाकलं गाडीत. गरम करून टाकली. हे वॉरंटीत नाई बसत." पाणी मी रोज पाहायचे. ऐकून कोण घेतं? मग शेठ बाहेरगावी गेलेले. मग शेठ जेवत असलेले. मग शेठ मीटिंगमध्ये. काचेच्या दारातून तो मला दिसायचा. मीही त्याला दिसत होते.

शेवटी मी शोरूमच्या नावाखाली इंटरनेटवर सगळं लिहिलं. तड्याचे फोटो टाकले. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरचा फोन. "शेठनं बोलावलं. बाबालेबी घेऊन या. गाडी दुरुस्त करून देते म्हणते."

म्हणून आम्ही आलो होतो. म्हणून तो पेपर.

शेठने आत बोलावलं नाही. तोच बाहेर आला. आधी सरांपाशी गेला. "सर, टेन्शन नका घेऊ. गिअरबॉक्स ना? वॉरंटीत आहे, होऊन जाईन." सर म्हणाले, "थँक्यू." त्यांची गाडी आमच्या नंतर बिघडली होती. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही पाणी टाकलं का.

मग तो माझ्याकडे वळला. बसला नाही.

"काऊन बदनामी करून राह्यली माझी?"

मी म्हणाले, "जे झालं ते लिहिलं."

"पाह्य. मी मनाचा मोठा माणूस आहे. गाडी करून देतो. पण ते लिहिलेलं काढायचं. अन् एक व्हिडिओ द्यायचा. म्हणायचं, चूक माझ्याच्यानं झाली होती, तरीबी शेठनं गाडी करून देली, बस्स. एक मिनटाचं काम."

मी बाबांकडे पाहिलं. पेपरवर आखडून बसलेले, अंग न टेकता. डायलिसिसनंतर त्यांना आडवं व्हायचं असतं. ते म्हणाले, "म्हणून टाक ना बाई. बोलल्यानं काय झिजते?"

खरंच, काय झिजतं? मी उभी राहिले. मॅनेजरने मोबाईल धरला. मागे शोरूमची पाटी येईल असं मला सरकवलं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात बाबा उठले. मला मदत करायची म्हणून. शेठसमोर त्यांनी दोन्ही हात जोडले. पट्टीचा हात नीट वर येत नव्हता, दुसऱ्या हाताने उचलून त्यांनी तो जोडला. "शेठजी, लेकरू आहे. माफ करा."

शेठ हसला. मॅनेजरला म्हणाला, "बुढ्यालेबी घे फ्रेममंधी. हात जोडलेले बरे दिसतात."

माझ्या कानात काहीतरी तुटलं. आवाज आला, मी ऐकला.

मी बाबांचे हात धरले. खाली केले. ते पुन्हा वर आणत होते, मी जोर लावला. रागाने नाही, पण जोर लावला. मग मोबाईलकडे पाहिलं. लाल ठिपका चालू होता.

मी म्हणाले, "गाडी ह्यांनी फुटलेली विकली. तडा थापून विकली. आज माझ्या बापाला पेपर टाकून बसवलं, कारण आम्ही बौद्धपुऱ्यात राहतो. चूक माझी नाही. बापाची नाही. माफी ह्यांनी मागायची."

"बंद कर, बंद कर ते!" शेठ ओरडला. मग मला, "चाल निघ. तुमच्यासारख्याइले गाडी देली हीच गलती झाली. औकात पाहून विकाले पाह्यजे होती."

तुमी, तू, निघ. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर मला असं उतरवलं. मी बापाला धरून बाहेर आले. सर अजून मोबाईलमध्येच होते.

आम्ही बसने परतलो. बाबा खिडकीपाशी. पट्टीचा हात मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "माझे हात काऊन खाली केले तुनं?"

मी तिकिटं पर्समध्ये ठेवली.

"ह्याच हातानं तू नर्स झाली. जिनिंगच्या मालकापाशी जोडले. हेडमास्तरपाशी जोडले. होस्टेलच्या साहेबापाशी जोडले. तवा तुले लाज नाई वाटली?"

त्यांचं खरं होतं. त्या हातांचं मी खाल्लं होतं. घरी आल्यावर, त्यांचे पाय चेपताना, उत्तर आलं. मालकाने दिली ती मजुरी होती, कष्टाची. शाळेतला प्रवेश माझा होता, मार्कांचा. होस्टेल कायद्याने माझं होतं. त्यातलं एकही दान नव्हतं. जे आमचंच होतं ते आम्हाला मागायला लावलं, आणि मागितलं म्हणून उपकार केल्यासारखं दिलं. माझा बाप साठ वर्षं स्वतःच्याच वस्तूंसाठी याचक झाला आणि त्याला कळलंही नाही. मला शिकूनसवरून कळायला एक फुटकं इंजिन लागलं.

मी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. वकील केला नाही. स्वतः लिहिली, स्वतः उभी राहते. त्या सरांच्या घरी गेले. ते पवनारला राहतात. म्हटलं, तुम्ही पेपर पाहिला, बोलणं ऐकलं, तेवढं सांगा. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "ताई, चूकच झाली त्यांची. पण माझं नाव नका घेऊ. माझी गाडी अजून वॉरंटीत आहे."

दवाखान्यात मेट्रनने बोलावलं. शेठ आमच्या डॉक्टरांच्या उठण्याबसण्यातला. "नोकरी सांभाळ," एवढंच म्हणाली. मी सांभाळते आहे. तक्रारही.

मग एक दिवस गावातला पुढारी घरी आला. खाटेवर बसला, सलगीने बोलला. "शेठ गाडी फुकट करून देते म्हणते. केस मागं घे. व्हिडिओ-गिडिओ काई नाई पाह्यजे त्याले आता."

मी विचारलं, "लिहून देईल का, इंजिन आधीच फुटकं होतं म्हणून?"

"ते कसं लिहून देईन तो?"

"मग नाही."

बाबा आतून म्हणाले, "घे ना बाई. मले बसनं नाई जमत आता." आवाजात राग नव्हता. दमलेला होता. मी पुढाऱ्याला पुन्हा म्हटलं, "नाही." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बसथांब्यावर उभे होतो. बस आली. गर्दी होती. एकाने उठून त्यांना जागा दिली. मी दांडा धरून उभी राहिले. हे माझ्या नाही म्हणण्याचं मोल आहे आणि ते माझा बाप मोजतो आहे. मी ते लपवणार नाही.

मागच्या तारखेला शेठचा वकील आयोगाच्या व्हरांड्यात माझ्यापाशी आला. तरुण, समजूतदार आवाजाचा. "गाडी त मिळूनच राह्यली तुमाले. मंग कायले ताणून राह्यल्या?"

मी म्हणाले, "मिळून नाई राह्यली. तो देऊन राह्यला. मले देलेली नाई पाह्यजे. मले माझी पाह्यजे."

त्याला फरक कळला नाही. किंवा कळला. तो आत गेला आणि पुढची तारीख मागून आला.

त्या तारखेची रजा मी टाकली आहे. त्यांना वाटतं, तारखांनी मी झिजेन. तडजोड मी करणार नाही. फुकट दुरुस्ती मी घेणार नाही. फुटकी गाडी फसवून विकली, हे ज्या दिवशी आयोगाच्या कागदावर शेठच्या नावासकट उतरेल, त्या दिवशी मी थांबेन. नाहीच उतरलं, तर नागपूरला वर अपील आहे. मी नागपूरची बस धरीन.