रुखवतातली टोपली

पनवेलच्या बाजारात शोभा घरतशी घासाघीस करणारं गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला गुमान पिशवी पुढे करायचं. भेंडी मोडून बघायची तर आधी विकत घ्यायची, मग खुशाल मोडत बसायची, हा तिचा कायदा. फुटपाथवरच्या बायकांना उठवायला नगरपालिकेची गाडी आली की सगळ्यांत पुढे टोपली आडवी लावून बसणारी तीच. साहेब लोक तिला आधी दटावायचे, मग समजवायचे आणि शेवटी कोथिंबिरीची जुडी घेऊन निघून जायचे. जुडीचे पैसे ती सोडायची नाही.

पळस्प्याच्या पुढच्या एका गावात घरतांची शेती गेली, विहिरीजवळची वाडी तेवढी राहिली. लाल माठ, भेंडी, शिराळी, दुधी, कारली सगळं तिथलंच. नवरा दिनानाथ वाडीला पाणी सोडायचा आणि बायकोपुढे गप्प राहायचा, दोन्ही कामं चोख. शोभा उजाडायच्या आत माल काढायची, मिनीडोर रिक्षा गाठायची आणि दिवसभर बाजारात बसायची. शेजारी पाण्याचा तांब्या. बोटं बुडवायची, भाजीवर पाणी उडवायचं, परत बुडवायची. तोंड भांडत असलं, हसत असलं, फोनवर असलं तरी हात आपलं काम करत राहायचा. भाजी तजेलदार राहिली पाहिजे. सुकलेल्या भाजीला कोण विचारतो?

एवढी जबर बाई, पण तिच्या पोटात एक आग कायमची पेटलेली होती. तिची धाकटी जाऊ, निशा.

निशा उरणहून लग्न होऊन आली तेव्हा शोभाची एकुलती एक किशोरी शाळेत जायला लागली होती. दीर जीवन द्रोणागिरीला गोदामात कामाला. निशा घरी, आणि तिला मूलबाळ झालं नाही. मग काय, शोभा बाजारात आणि पोरगी निशाच्या पदराला. वेण्या घालायची निशा, अभ्यास घ्यायची निशा. दोघी बसून क्रेप कागदाची फुलं करायच्या, मण्यांची तोरणं ओवायच्या, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं बांधायच्या. शोभा संध्याकाळी घरात पाय टाकायची तो दारावर नवीन तोरण आणि आत दोघींचं हसू. तिला बघून हसू थांबायचं नाही, पण थोडं खाली यायचं. ते तिला बरोबर कळायचं.

जेवायला बसलं की किशोरी म्हणायची, आज कालवण काकीनं केलंय, काय झक्कास झालंय. शोभा पहिला घास घेऊन म्हणायची, मीठ कमी हाय. आणि उठून टोपात मीठ टाकायची. मग ते कालवण कोणालाच खाववायचं नाही. शोभा मात्र भाताबरोबर ते सगळं ओरपायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात किशोरीचं लग्न ठरलं. मुलगा जासईचा, प्रणित नावाचा, शांत पोरगा. मांडव दारातच पडणार. मुलीकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तू आणि खाऊ टेबलावर मांडायचा, नवऱ्याकडच्या बायांनी तो निरखून बघायचा आणि मग घरी जाऊन वर्षभर त्यावर बोलायचं, हे रुखवत. पोरीच्या घरची किंमत त्या टेबलावर होते, असं बाया मानतात. चूक की बरोबर ते सोडा, मानतात.

किशोरी आईला म्हणाली, "रुखवताचं काकी बघंल, आये. तू नको दगदग करूस."

बोलणं मायेचं होतं. पण शोभाच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं. बाजारात बसून उभा संसार ओढला तेव्हा दगदग नव्हती, आणि पोरीच्या लग्नात चार वस्तू मांडायची दगदग? तिनं कोणाला सांगितलं नाही. मनाशी ठरवलं, रुखवतात आपलीपण एक टोपली ठेवायची, आणि ती अशी की निशाच्या कागदाबिगदाकडे कोण बघणार नाही.

निशानं महिनाभर खपून रुखवत केलं. तांदळाच्या फेण्या रंगवून त्यांची कमळं केली, लोकरीची बाहुली केली. मधोमध साखरेच्या पांढऱ्या चौकोनी वड्या एकावर एक चिकटवून कोपरभर उंचीचं तुळशीवृंदावन उभं केलं आणि त्याला भोवती लाल क्रेपच्या फुलांची झालर. शेजारच्या सुनीतानं ते बघितलं आणि तोंडाचा आ केला. शोभानंही बघितलं. चांगलं होतं. चांगलं होतं हेच तर दुखणं.

लग्नाच्या सकाळी ती वाडीत गेली. लाल माठाच्या जुड्या, कोवळी शिराळी, एकसारख्या मापाची भेंडी, दोन दुधी, पांढऱ्या कांद्याची वेणी अशी टोपली तिनं रचली. बाजारात हजार वेळा रचली असेल, पण अशी कधी नाही. आणून धपकन वृंदावनाच्या शेजारी ठेवली.

निशा हळूच म्हणाली, "ताई, छान दिसतेय. फक्त जरा त्या कडेला ठेवूया का? भाजी ओली आहे."

कडेला! शोभानं टोपली उचलली आणि वृंदावनाच्या अजून जवळ सरकवली. निशा काही बोलली नाही. तिचं हे न बोलणंच शोभाला सगळ्यात जास्त खुपायचं. भांडली असती तर एक बरं झालं असतं.

मग शोभा तिथेच उभी राहिली, राखणीला. ऊन चढलं, मांडवात उकडायला लागलं. येणारी बाई आधी वृंदावनापाशी थांबायची, अगं बाई म्हणायची, हे निशानंच केलं असणार म्हणायची, आणि मग टोपलीकडे बघून विचारायची, ही भाजी जेवणासाठी का? शोभा उत्तरं देत होती. कोणीतरी तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला होता. तोंड बोलत होतं. बोटं बुडत होती, उडत होती.

सुनीताला पहिल्यांदा दिसलं. क्रेपच्या फुलांचा लाल रंग साखरेवरून ओघळत होता. वृंदावनाचा एक कोपरा विरघळून खचला होता. आणि सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, ते एका अंगावर कलंडलं आणि बसलं.

त्याच वेळी जीवनचा फोन वाजला. वऱ्हाड पळस्प्याला आलं होतं.

बायकांची नजर तांब्यावरून शोभाच्या हाताकडे गेली. पोटदुखी, असं कोणीतरी मागे कुजबुजलंसुद्धा. तेवढ्यात निशा पुढे आली आणि म्हणाली की मांडवातल्या कूलरचं पाणी उडालं असेल, मघाशी त्याचं तोंड इकडेच होतं.

आता बघा, सुटायची वाट समोर उघडी होती. दुसरी कोणी असती तर मान डोलावून मोकळी झाली असती. पण निशाच्या उपकारावर सुटायचं? शोभाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कूलर बिलर काय नाय," ती म्हणाली. "मी उडवलं पाणी. ह्या हातानं."

हळदीच्या अंगानं किशोरी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आईजवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "आये, मुद्दाम केलंस?"

शोभानं ओली बोटं पदराला पुसली.

"हात सवयीनं चालला, किशू. पण टोपली तिथं मी मुद्दाम ठेवली."

किशोरीनं तोंड फिरवलं. रडली नाही, ओरडली नाही. तिचं ते फिरवलेलं तोंड शोभाला गालावर बसलेल्या चपराकीसारखं लागलं. वर पोरगी निशालाच म्हणाली, "काकी, आता काय करायचं?"

निशानं डोळे पुसले, चिकट साखर ताटात भरून उचलली, टेबल कोरडं केलं. मग टोपलीकडे बघत राहिली. आणि पदर खोचून म्हणाली, "ताई, भेंडी द्या मला. एकेक करून. तिचंच वृंदावन रचू."

म्हणजे माझ्याच भाजीनं आता ही शाबासकी घेणार. शोभाच्या मनात हेच आलं, खोटं कशाला सांगा. तिचा हात टोपलीत गेला तो नेमका एका वाकड्या भेंडीवर. वाकडी दिली की रास उभी राहणार नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळत होतं? एक क्षण ती भेंडी तिच्या मुठीत राहिली. पण माल तिच्या वाडीचा होता. जासईच्या बायांपुढे शोभा घरतची भाजी वाकडी दिसणार? तिनं ती भेंडी कमरेला खोचली आणि सरळ, एका मापाची निवडून देत गेली. निशा आडवी-उभी रचत गेली. चौकोनी हिरवं वृंदावन उभं राहिलं. खाली लाल माठाची झालर, चार कोपऱ्यांना शिराळ्यांचे खांब, भोवती कांद्याची वेणी. वर दारातल्या तुळशीची डहाळी.

वऱ्हाड आलं. प्रणितची आई वेणूबाई टेबलापाशी थांबली ती हलेचना. असलं रुखवत आपण जन्मात बघितलं नाही म्हणाली आणि विचारलं, केलं कोणी?

किशोरी म्हणाली, "भाजी माझ्या आयेच्या वाडीतली. रचलंय काकीनं."

आपलं नाव आधी आलं, हे शोभानं टिपून ठेवलं. आधी आलं म्हणजे आलं. पोरीच्या आवाजात मात्र अजून गारवा होता, तेही तिनं टिपलं.

संध्याकाळी पाठवणीला किशोरी आधी निशाच्या गळ्यात पडली. पुष्कळ वेळ पडून राहिली. शोभा बाजूला उभी, हात कुठे ठेवावे ते कळेना. वाटलं, आता ही माझ्याकडे बघणारपण नाही. बाजारात कधी खाली गेली नाही ती मान तिची खाली गेली.

मग तिच्या खांद्यावर कोणीतरी कपाळ टेकलं. हळदीचा वास आला.

"जासईला ताजी भाजी मिलत नाय म्हणतात," किशोरी नाक ओढत म्हणाली. "बाबांच्या हाती नको धाडूस. तूच घेऊन ये. दर रविवारी."

शोभानं पोरीला घट्ट धरलं. डोळे वाहत होते, तरी तिच्या खांद्यावरून तिनं हळूच पलीकडे बघितलं, निशानं हे ऐकलं की नाही.

ऐकलं होतं.