पोती एका बाजूला

दिलीपची बोट मी नापास केली ती नियमाला धरूनच. पण का केली, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मला त्याचा हेवा वाटत होता.

मी बोटींचा सर्व्हेयर. पाण्यावरून माणसं न्यायची तर समुद्र असो की धरणाचा फुगवटा, परवाना लागतो. त्याआधी बोट उलटणार नाही ना, हे आम्ही तपासतो. माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती बाकांवर ठेवायची आणि बोट पाण्यात किती बसते ते बघायचं. याला स्टॅबिलिटी टेस्ट म्हणतात.

दिलीप आणि मी पलूसजवळच्या एकाच गावचे. नेव्हीच्या भरतीला बरोबरच गेलो. त्याला घेतलं. मला रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून मेडिकलला काढलं. तो समुद्र बघून आला, मी धरणांवर पोती रचत राहिलो.

रिटायर झाल्यावर त्यानं मेढ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याकाठी, सासुरवाडीच्या गावात, पलीकडच्या वाड्यांसाठी बोट घेतली. परवान्याच्या जनसुनावणीला मी टेबलामागे होतो. लोक त्याला कॅप्टन म्हणत होते. तो होता इंजिनरूममध्ये. तरी गडी नाही म्हणेना.

"कुणाची हरकत?" तहसीलदारांनी विचारलं.

"हरकत कसली आवं," एक आजी म्हणाल्या. "पोरं लय लांबनं वळसा घालून शाळंला जात्यात. सोडा बोट लवकर."

मी उठलो. "माझी आहे. काठ आला की इथं कुणी बसून राहत नाही. सगळे उतरायच्या बाजूला गोळा होतात. नियमानं तशी टेस्ट व्हायला हवी."

"सायेब खरं बोलत्यात," मागून कुणीतरी म्हणालं. "ही आजी तर शेळी घिऊन सगळ्यांच्या आदी उडी मारती." लोक हसले. दिलीपही हसला.

सगळे काठावर गेलो. मी पोती एका बाजूला रचायला लावली. बोट कलली, पाणी कडेला टेकलं. मी कागदावर नापास लिहिलं.

दिलीप जवळ आला. "गड्या, सगळा फंड घातलाय हिच्यात. बाकीच्यांना बी हीच टेस्ट लावतोस का रं?"

"नियम आहे," मी म्हणालो. हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

कारण त्याच फुगवट्यात, त्याच कारखान्याच्या, त्याच मापाच्या बोटी मी बाकांवर पोती ठेवून पास केल्या होत्या. इथले लोक कसे उतरतात, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्याचा सगळा सीझन बुडाला. त्यानं दोन्ही अंगांना हवाबंद टाक्या बसवून घेतल्या, पुन्हा अर्ज केला. या वेळी पोती एका बाजूला रचूनही बोट जेमतेम कलली. पहिल्या फेरीला त्यानं नारळ माझ्या हातानं फोडायला लावला.

"तू आडवलंस म्हणून बोट पक्की झाली," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या ध्यानात बी आलं नसतं."

त्याचं मन इतकं साफ, याचाही मला हेवा वाटला.

नियम एकालाच लावला तर तो नियम राहत नाही. एवढ्या वर्षांत मी एकच बोट नीट तपासली, आणि तीही त्याच्यावर जळून. बाकीच्या बोटी माझ्या सहीवर आजही माणसं नेतात. त्यांची तशी टेस्ट घ्यायची, तर आधी का घेतली नाही, हे वरच्या साहेबांना सांगावं लागेल. आणि दिलीपलाही. ती टेस्टही माझ्याकडून बाकी आहे आणि हे सांगणंही.