दुपारच्या फेरीतली माणसं

तिसऱ्या वर्षाला आम्हाला अर्थशास्त्राच्या जोडीला सार्वजनिक धोरणाचा एक पेपर होता. त्यात प्रोजेक्ट करायचं होतं. आपल्या शहरातली एखादी सार्वजनिक सेवा निवडायची, ती कशी चालते ते स्वतः जाऊन बघायचं आणि शेवटी शिफारशी लिहायच्या. दोघादोघांनी मिळून. माझी जोडीदार ठरलेलीच होती, पहिल्या वर्षापासून आम्ही एका बाकावर बसत होतो. मी मीरा रोडची. आईबाबा परळची खोली विकून इथे आलेले, बाबा ऑफिसात नोकरीला. ती डोंगरीची. उत्तनच्या बाजूला तिचं गाव, घरामागे भाजीची वाडी, रविवारी घरातले सगळे चर्चमध्ये मिस्साला जाणारे. वर्गात ती माझ्यासारखंच बोलायची, पण घरून फोन आला की तिच्या 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि पुढचं निम्मं मला कळायचं नाही.

विषय तिनेच सुचवला. भाईंदर स्टेशनवरून डोंगरीला जाणारी बस.

"आमच्याकडे फेऱ्या कमी आहेत," ती म्हणाली. "लोक नुसते बोलत बसतात, कोण ऐकतंय? आपण आकडे दाखवू."

दोन आठवडे आम्ही प्रवासी मोजले. मी स्टॉपवर उभी राहायचे आणि ती बसमध्ये बसून कोण कुठे उतरतं ते लिहायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार अडीचच्या फेरीला तिचे वडील असायचे. ते एका कारखान्यात फिटर होते. किडन्या निकामी झाल्यावर काम सुटलं आणि आठवड्यातून तीनदा ते डायलिसिससाठी भाईंदरच्या हॉस्पिटलात येऊ लागले. उंच, वाळलेला माणूस, डाव्या हातावर कापसाची पट्टी चिकटवलेली. बस येईपर्यंत ते माझ्या बाजूला येऊन उभे राहायचे.

"मला लिहिलंस का?"

"लिहिलं, अंकल."

"मग ठीक आहे. न्हायतर मी फुकटचा आलो असतो आज."

मी हसायचे आणि तक्त्यात एक रेघ ओढायचे.

आकडे घेऊन बसलो तेव्हा जे निघालं ते आम्हा दोघींना अपेक्षित नव्हतं. संध्याकाळच्या बसला माणसं दाराला लटकत होती, आणि दुपारच्या दोन्ही फेऱ्या जवळजवळ रिकाम्या जात होत्या. कधी सहा माणसं, कधी नऊ. गाड्या वाढणार नाहीत हे धरून चाललं तर उत्तर सरळ होतं. दुपारच्या फेऱ्या बंद करायच्या आणि त्या गाड्या संध्याकाळी सोडायच्या. वर्षभर आम्ही तेच शिकलो होतो. साधनं मोजकी असतात, ती जिथे जास्त लोकांच्या उपयोगी पडतील तिथे वळवायची.

लायब्ररीच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसून मी तिला माझा मसुदा वाचून दाखवला.

"गणित बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण हे लिहू नको."

"का?"

"दुपारच्या बसने कोण येतं माहितीये ना तुला? शाळेतून सुटलेली दोन पोरं. मासे विकून परतणाऱ्या दोघी. एक म्हातारा, त्याला डोळ्याने नीट दिसत नाही. आणि पप्पा. त्यांना दुसरं काही न्हाय."

"शेअर रिक्षा आहेत की."

"आहेत."

"मग? संध्याकाळी पन्नास माणसं लटकतात त्यांचं काय? आपल्या ओळखीची माणसं आहेत म्हणून आकडे बदलायचे का?"

हे मी बोलले. शब्द न् शब्द आठवतो, कारण बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. सरांनी वर्गात सांगितलेली निःपक्षपाती दृष्टी आपल्याला जमली असं वाटलं होतं. ती उठली, ओढणी झटकली आणि म्हणाली, "लिही मग. माझं पण नाव घाल, मार्क लागतील."

मार्क चांगलेच लागले. सरांनी आमचा अहवाल वर्गात वाचून दाखवला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवला आणि तिथे आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. स्टेजवर ती माझ्या शेजारी उभी होती. फोटोत आम्ही दोघी हसतोय. सर म्हणाले, एक प्रत बसच्या ऑफिसलाही पाठवा, त्यांनाही कळू दे मुलं काय विचार करतात. मी पाठवली. उत्तर आलं नाही.

परीक्षा झाल्या. मला धोरण विषयात एम. ए.ला प्रवेश मिळाला, ती अंधेरीला एका ऑफिसात डेटा एंट्रीला लागली. पुढे शिकायचं तिच्याही मनात होतं, पण घरात पगार आणणारं आता तीच होती. पावसाळा संपत आला असताना एक दिवस तिचा मेसेज आला. 'दुपारच्या दोन्ही फेऱ्या बंद झाल्या.'

मी दहा वेळा लिहिलं आणि पुसलं. शेवटी पाठवलं, 'संध्याकाळी वाढवल्या का?'

'हो. एक.'

आमचा अहवाल तिथे कुणी उघडून पाहिला होता का, मला माहीत नाही. बहुतेक नसेलच. ड्रायव्हर कमी पडत होते असं नंतर कुणीतरी सांगितलं. मी ते कारण घट्ट धरून ठेवलं.

दिवाळीनंतर आईचे रिपोर्ट आणायला मी त्याच हॉस्पिटलात गेले. खाली लॉबीत, औषधांच्या काउंटरपाशी, तिचे वडील बाकावर बसले होते. चार वाजायला आले होते. त्यांचं डायलिसिस दीड वाजता संपायचं हे मला माहीत होतं. चेहरा पिवळा पडला होता, पण मला बघितल्यावर ते सरकले आणि बाजूला जागा केली.

"बस, बस. कशी आहेस? अजून माणसं मोजतेस काय?"

"नाही, अंकल. तुम्ही अजून इथे?"

"साडेपाचची गाडी पकडतो. इथे पंखा हाय, बरं पडतं."

"रिक्षा करून देऊ का? मी येते डोंगरीपर्यंत."

"नको. परवा रिक्षात लय उलट्या झाल्या. खड्डे किती त्या रस्त्याला. शेअरवाला तिघांना दाबून बसवतो. बसमध्ये कसं, पाय लांब करून बसता येतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीला सांगू नकोस हां. शुक्रवारचा मी कधी कधी येतच न्हाय. बरं वाटतंय असं सांगतो घरी. ती कामावर असते, तिला वाटतं आलो होतो."

ते आपल्या मुलीचं कौतुक करत राहिले. "तुम्हा दोघींना बक्षीस मिळालं ना बसवरच्या लिखाणाला? फोटो लावलाय घरी. वाचायला मागितलं तर बोलते, पप्पा, इंग्लिशमध्ये हाय."

म्हणजे अहवालात काय लिहिलं होतं ते तिने त्यांना सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. आणि शुक्रवारचं तिलाही सांगितलं नाही. माझ्यावर विश्वास टाकून सांगितलंय, म्हणून गप्प राहिले असं मी तेव्हा मनाला समजावलं. खरं तर तिला फोन करायचा म्हणजे बसचा विषय निघणार, याची मला भीती वाटत होती.

नाताळच्या दोन आठवडे आधी ते गेले. डायलिसिस चुकलं की होतं तसं फुप्फुसात पाणी झालं होतं.

दफन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आत तिची आई बायकांच्या घोळक्यात बसली होती. भिंतीवर आमचा फोटो होता. माझी मैत्रीण मागच्या वाडीत, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. मी तिला शुक्रवारचं सांगितलं. सगळं सांगितलं, लॉबीतला बाक, रिक्षातल्या उलट्या, मी गप्प राहिले तेही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "हॉस्पिटलमधून फोन आला होता. मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी ऐकलं न्हाय."

"तो अहवाल मी लिहायला नको होता."

"नाव माझंही आहे त्यावर." ती टाकीकडे बघत होती. "तुझ्यामुळे झालं असं मी कुणाला बोलणार न्हाय. मला तसं वाटतही नाही. पण तू आता थोडे दिवस येऊ नको."

मी थोडे दिवस म्हणून थांबले. मग तिचं कुवेतला नोकरीचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी तिने मला फक्त फ्लाइटची वेळ कळवली. मी विमानतळावर गेले नाही. परीक्षा होती, पण जाता आलं असतं.

आता मी अशाच कामात आहे. योजना कुठे चालते, कुठे नाही, कुणापर्यंत पोचते, हे तपासायचं आणि लिहायचं. काम मला आवडतं आणि मी ते चांगलं करते. तिची आई भाईंदरच्या बाजारात वाडीची भाजी घेऊन बसते. महिन्यातून एकदा तरी मी तिच्याकडे जाते. ती माझ्या पिशवीत मुळ्याची एक जुडी जास्तीची टाकते, मी नको म्हटलं तरी.

गेल्या शनिवारी मी विचारलं, "यंदा नाताळला येतेय का ती?"

"न्हाय गं, बाय. तिचं तिकडं अजून दोन वर्षं वाढलं." तिने जुडीवरचं पाणी झटकलं. "तू तरी ये ना घरा."

"येईन," मी म्हटलं, आणि मागे गिऱ्हाईक उभं होतं म्हणून बाजूला झाले.