सिग्नलचं वावर

आमच्या गावात मोबाईल आले, पण सिग्नल काही गावात यायला तयार नव्हता. एका अंगाला अभयारण्य, दुसऱ्या अंगाला टेकडी. तो सापडायचा फक्त आमच्या वावरात, विहिरीजवळच्या चार ओळींत. बाबांच्या नशिबी वेळेवर पाऊस नव्हता, कापसाला भाव नव्हता, पण सिग्नल होता.

कापसाचे ते वाईट दिवस. वेचाईला बाया मिळत नसत, मिळाल्या तर मजुरी परवडत नसे. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि मी नेरला सासरी. बाबा एकटेच कमरेला ओटी बांधून वेचायचे. त्यात हे फोनवाले येऊन पीक तुडवू लागले. दुसरा कुणी काठी घेऊन धावला असता. बाबांनी नियम केला, "कान तुमचा, हात माहा." म्हणजे खुशाल बोला, पण बोलता बोलता कापूस वेचा. खांद्यात आणि कानात मोबाईल दाबून, माना वाकड्या करून अख्खं गाव वेचू लागलं. नुसती ख्यालीखुशाली असली तर मूठभर निघायचा. जावयाशी वाजलं तर ओळ पुरी व्हायची. त्यामुळे बाबांना भांडणं फार प्रिय. कुणाचं मिटत आलं की हळूच म्हणायचे, "काहून ऐकून घेतं बे त्याचं?"

मग टेकडीवर टॉवर उभारायचं निघालं. टेकडी अभयारण्याच्या हद्दीत. वनखात्याचे साहेब म्हणाले, पाखरांना त्रास होईल, वाघ बिथरतील. गाव म्हणालं, बाळंतीण अडली तर गाडी काय वाघ बोलावणार? ग्रामसभेत खडाजंगी झाली आणि साऱ्या गावाविरुद्ध उभे राहिले कोण, तर आमचे बाबा! जन्मभर रानडुकरांना शिव्या घालणारा माणूस. "वाघ काय जवायाले फोन लावते? कायले पाह्यजे जंगलात टावर?" साहेब एवढे खूश झाले की वाघाचं चित्र असलेली आपली टोपी त्यांनी बाबांना देऊन टाकली. ती घालून बाबा घाटंजीच्या बाजारात मिरवून आले.

मला मात्र राग आला. वावरात आलेल्या शेजाऱ्याच्या फोनवर बाबांना गाठून मी सुनावलं, "फुकटची वेचाई जाईल म्हणून तुम्ही वाघाच्या आड लपून राह्यले."

"हो," ते म्हणाले. लाज नाही, शरम नाही.

शेवटी निकाल लागला. टेकडी वाचली, पण टॉवर हद्दीबाहेर, पांढरकवड्याच्या रस्त्याला उभा राहिलाच. घराघरात फोन वाजू लागले. अडलेल्या एका बाळंतिणीला गाडी वेळेवर मिळाली, हेही सांगायला हवं. आमच्या वावरात मात्र कुणी फिरकेना.

त्या हंगामात मी दोन दिवसांची सुटी काढून वेचायला गेले. मजूर पळाल्यावर मालकाची काय गत झाली, ते बघायची थोडी खुमखुमीही होती. जाऊन बघते तर कापूस बहुतेक वेचून झालेला. एकट्या बाबांनी वेचला होता, त्यात एक पान नाही, एक काडी नाही.

"मंग त्या लोकायसाठी एवढे भांडले कायले?" मी विचारलं.

"त्यायचं कायचं वेचनं! अर्धा कचराच राहे. मीच निवडत बसो मंग."

आम्ही दोघं उरलेल्या ओळींना लागलो. एवढ्या मोठ्या वावरात माणसाचा आवाज म्हणून नव्हता. आई होती तेव्हा ती वेचताना सारखी बोलायची, बाबा नुसते हुंकार द्यायचे. मला माझीच लाज वाटली. बाबांना मी हिशेबी ठरवलं होतं आणि वर त्यांना सुनावलंही होतं.

माझ्याकडे न बघता बाबा पुढच्या झाडाला वाकले.

"बोल ना माय," ते म्हणाले, "काहीबी बोल."