डावीकडची काच

हिराजीकाका गाडीत बसले की आधी डावीकडची काच खाली करायचे. बाहेर मे महिन्याचं ऊन असो, आत एसी चालू असो, काच खालीच. कोपर बाहेर आणि कान त्याहून बाहेर. मी कुरकुरलो की म्हणायचे, "मास्तर, गारवा घरी पंख्याखाली बी मिलतो. गाडीन बसल्यावर गाडीचं ऐकाचं."

आयुष्यभर ते उरणजवळच्या मोरा बंदरातल्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर नवीन पनवेलला लेकीकडे राहायला आले, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. गाडीचं स्टिअरिंग त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं, पण माझ्या गाडीची सगळी काळजी मात्र त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतली. मी उरणच्या शाळेत शिकवतो. आठवड्यातून दोन-तीनदा ते माझ्याबरोबर निघायचे, मोऱ्याच्या धक्क्यावर जुन्या सोबत्यांत दिवस काढायचे आणि शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर परत यायचे. येताना कधी कागदात गुंडाळलेले बोंबील असायचे. मग चार दिवस गाडीला वास आणि मला माझ्या बायकोची, सुनीताची, बोलणी.

एकदा गव्हाण फाट्याला वळताना चाकाकडून टिकटिक ऐकू आली. शाळेला उशीर होत होता, म्हणून मी रेडिओचा आवाज वाढवला. काकांनी तो बंदच केला. "आजारी मानसाच्या तोंडावर उशी ठेवतं का कोन? आवाज हाय म्हंजे कायतरी हाय. दाबाचा नाय, शोधाचा." भर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्यांनी टायरच्या खाचेतून खडा उकरून काढला आणि दागिना दाखवावा तसा मला दाखवला. अर्थात दर वेळी निदान बरोबर यायचं असं नाही. एकदा गिअरबॉक्स गेला म्हणून त्यांनी मला पार घाबरवून सोडलं, आणि निघाला माझ्या डब्यातला चमचा. तेव्हाही ते खजील झाले नाहीत. "बोलत व्हता ना कायतरी? मशीन बोलतंय तवर घाबराचं नाय, मास्तर. गप झालं का घाबराचं."

दसऱ्याला गाडी धुण्याचा मान त्यांचाच. गेल्या दसऱ्याला ते दोन नारळ घेऊन आले. लाँचवर इंजिनाशेजारी एक नारळ कायम ठेवलेला असायचा, समुद्राने कधी मागितला तर हाताशी असावा म्हणून. मी म्हटलं, "काका, माझी गाडी समुद्रात जात नाही."

"खाडी तं वलांडता ना?"

मी हसलो आणि एक नारळ चाकापुढे फोडला. दुसऱ्याचं काय झालं, ते काही मी विचारलं नाही.

दिवाळी झाली आणि काकांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मी रोज शाळेतून आलो की त्यांच्याजवळ बसायचो, आज रस्त्यात गाडी कशी चालली ते सांगायचो. ते नुसते बघायचे. त्यांच्या शेजारी बसून मला त्यांचंच वाक्य आठवायचं आणि खरंच भीती वाटायची. पौषात ते गेले.

होळीनंतर गाडी वळताना आवाज येऊ लागला. सरळ रस्त्यावर काही नाही. वळली की टक, टक. सुनीता म्हणाली, "झाली आता म्हातारी, विकून टाकू." तिचंही चूक नव्हतं. पण त्या डावीकडच्या सीटवर उद्या कोणीतरी परका बसेल, हेच मला सहन होईना. शेवटी असं ठरलं की एकदा रशीदभाईंना दाखवायचं. आवाज सापडला तर ठीक, नाहीतर गाडी विकायची.

रशीदभाई आमचे जुने मेकॅनिक. ते म्हणाले, "वळताना टकटक म्हणजे बहुतेक करून एक्सेलचा जॉइंट." गाडी जॅकवर चढवून त्यांनी चाकं हलवली, जॉइंटवरचं रबर चाचपलं. कुठे फाटलेलं नव्हतं. मग गाडी मोकळ्या मैदानात नेली. "मी फुल्ल कट मारून गोल फिरवतो. तुम्ही बाजूला बसून सांगा, आवाज कुठून येतो."

म्हणजे मी डावीकडे बसायचं होतं. त्या सीटवर मी त्याआधी कधी बसलो नव्हतो. बसलो, काच खाली केली, कोपर बाहेर काढलं, कान बाहेर काढला. चाकाकडून काहीच येत नव्हतं. टकटक पाठीमागून येत होती.

"रशीदभाई, मागे. डिकीत."

डिकीतली स्टेपनी उचलली. तिच्याखाली, जॅक आणि पान्यांच्या मधल्या जागेत एक नारळ होता. मागेपुढे जायला जागा नव्हती, म्हणून वळणावरच तेवढा डावी-उजवीकडे लोळत होता. शेजारी काकांचा चौकड्यांचा रुमाल पडला होता, गाठ सुटलेला. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी नारळ त्यात घट्ट बांधून ठेवला असणार. मी नारळ हलवला. आतलं खोबरं सुटून पार गोटा झाला होता; ते करवंटीवर आपटत होतं.

"अल्ला! ही तर तुमच्या काकांची करामत," रशीदभाई म्हणाले. मला हसू आलं आणि हसता हसताच रडू कोसळलं. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि उगीचच टायरमधली हवा तपासत बसले.

घरी येऊन नारळ सुनीतासमोर ठेवला. दाबायचा नाही, शोधायचा, असं काकांनी शिकवलं होतं. सापडल्यावर काय करायचं ते सांगायला मात्र ते नव्हते. सुनीताने तो देवापुढे ठेवून फोडला. मी तुकडा तोंडात टाकला. खवट लागला. "प्रसाद आहे, टाकायचा नसतो," ती म्हणाली आणि तिनेही एक तुकडा उचलला. काकांच्या लेकीला बोलावलं. तिघांनी मिळून तो सगळा संपवला. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर सुनीताने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मी डावीकडची काच खाली केली. गव्हाण फाटा आला. स्टिअरिंग वळवताना मी कान देऊन होतो. गाडी अगदी गप वळली. पुढे जाऊन डोळे पुसायला मला ती कडेला घ्यावी लागली.