अक्षराची म्हणून शिवलेली बाहुली

बंगळुरूजवळच्या येलहंक्यात गुंडूरावांचं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज बिघडला तर दोष गिऱ्हाइकाच्या अंगाचा, त्यांच्या कात्रीचा कधीच नाही, हे आता गिऱ्हाइकांनाही पटलेलं आहे.

नात अक्षरा यंदा बालवाडीत गेली. दसऱ्याआधी मिसनं चिठ्ठी पाठवली: बाहुल्यांची आरास मांडायची आहे, घरातल्या मोठ्यांनी मुलांना सोबत घेऊन एक बाहुली करावी.

"बाहुली?" गुंडूरावांनी गळ्यातली टेप सावरली. "मेघाश्री, हे खातं माझं!"

"मामंजी, अक्षरानं करायचीय," सून म्हणाली. "तुम्ही स्वल्प मदत करा."

"सरी, सरी," म्हणत गुंडूरावांनी होकार दिला आणि चार दिवस गिऱ्हाइकं खोळंबली. जरीकाठी नऊवारी काय, बोटभर चोळीला अस्तर काय! अक्षरा रोज स्टुलावर बसून बघायची.

"अज्जा, टिकल्या मी लावू?"

"ए, हात काढ! चुरगळेल. बघून शिकायचं."

"अहो," अक्षराची अज्जी सुनंदाबाई म्हणाल्या, "उद्या शाळेचा डबा तुम्हालाच भरून देऊ की पोरीला?"

शाळेत घरोघरच्या बाहुल्या मांडल्या होत्या. एक मोज्याची, एक एकाच डोळ्याची, एकीला तर तीन हात. मधोमध गुंडूरावांची राणी. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

मिस म्हणाली, "अक्षरा, तुझी बाहुली उचलून दाखव. कशी केलीस ते सांग."

अक्षरा जागची हलली नाही.

"घे ना, पुट्टी," मिसनं छोटीला चुचकारलं.

"हात लावायचा नाही," अक्षरा म्हणाली. "अज्जा ओरडतात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर फार बरं झालं असतं. तीन हातवालीची आई सभ्यपणे भिंतीकडे बघू लागली. गिऱ्हाइकाला जागच्या जागी उत्तर देणारे गुंडूराव तापल्या कानांनी सदऱ्याची बटणं चाचपू लागले.

मिसनंच वेळ सावरली. चिंध्या-बटणांची परडी मध्ये ठेवून म्हणाली, "इथंच अजून एकेक करू. मोठ्यांनी मुलांशेजारी बसा."

गुंडूराव गुडघे वाजवत चटईवर टेकले. अक्षरानं लाल चिंधी पाहिली, मग त्यांच्याकडे.

"अज्जा, घेऊ?"

"घे गं."

निळी दिसली. "ही घेऊ?"

"विचारू नकोस, बाळ. सगळं तुझंच आहे."

 मग तिनं एका बटणावर बोट धरून हळूच विचारलं, "हे?"

गुंडूराव नुसती होकाराची मान हलवत राहिले. वर बघायची त्यांची छाती झाली नाही.